शेपटीचा हिशेब : टेस्टोस्टेरॉन, एस्टर आणि काळावरची सत्ता

१/
इंजेक्शनच्या एका कुपीवर 'टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट २५० मिलिग्रॅम' असे छापलेले असते. दुसऱ्या कुपीवरही २५०च लिहिलेले असते, पण तिच्यात चार निरनिराळ्या एस्टरांचे मिश्रण असते. पहिलीत प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन १८० मिलिग्रॅम, दुसरीत १७६. मग उरलेले वजन कशाचे? ते तिथे कोणी घातले, आणि कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे शोधताना कोंबड्याचा तुरा, एक डच कत्तलखाना, एरंडाचे बी, पूर्व जर्मनीचे सरकार आणि हैदराबादजवळचे एक आरोग्य केंद्र भेटते. त्या उरलेल्या वजनाचा हा इतिहास, आणि त्यातून निघणारे एक मत.

२/
आज हा विषय काढण्याला कारण आहे. मालवण तालुक्यातल्या कट्ट्यासारख्या बाजाराच्या गावांपर्यंत आता व्यायामाची आवड नव्या रूपात पोहोचली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. मात्र तिच्या पाठोपाठ 'कोर्स', 'सायकल', 'आठवड्याला पाचशे' ही भाषाही मोबाइलवरून आली. त्याच मोबाइलवर दुसऱ्या बाजूने 'हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते' असा अभिमानही येतो. दोन्ही दावे इतिहासाच्या कसोटीवर लावून पाहण्याजोगे आहेत.

३/
आधी अभिमानाचा दावा. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरणाच्या प्रकरणात बोकडाच्या वृषणांसह उकळलेल्या दुधात तीळ भिजवून खाण्याचा प्रयोग सांगितला आहे. वृषण आणि पुरुषत्व यांचा संबंध प्राचीन वैद्यांच्या लक्षात आला होता, एवढे यातून निश्चित सिद्ध होते. यापुढचे काही सिद्ध होत नाही. वृषण हे संप्रेरक तयार करतात, साठवून ठेवत नाहीत. शिवाय तोंडावाटे गेलेले टेस्टोस्टेरॉन आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथेच बहुतांश मोडले जाते. निरीक्षण अचूक होते, उपाय लागू पडणारा नव्हता. हे मान्य केल्याने सुश्रुताची उंची तसूभरही कमी होत नाही.

४/
तोच संबंध आपल्या शेतकऱ्यालाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. खोंड बडवला की त्याचा मस्तवालपणा जातो आणि तो औताला चालतो. मात्र वृषण हे काम नेमके कशाने करतात, याचा पहिला प्रायोगिक पुरावा १८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने दिला. कोंबड्यांचे वृषण काढले की तुरा सुकतो, आरवणे थांबते. तेच वृषण पोटात दुसरीकडे रुजवले की तुरा पुन्हा लाल होतो. जुन्या मज्जातंतूंशी नाते तुटलेले असूनही परिणाम घडतो, म्हणजे संदेश रक्तातून जातो. पुढे कित्येक दशके संप्रेरकाचे मोजमाप याच तुऱ्याच्या वाढीवर होत राहिले.

५/
१८८९ मध्ये पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यातला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. बाजारात अशा अर्कांची लाट आली. पण टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्या अर्कात ते नगण्य असणार. म्हाताऱ्या प्राध्यापकाला जाणवलेली शक्ती ही विश्वासाची शक्ती होती. शास्त्रज्ञाच्या नावाने खपणाऱ्या तारुण्याचा व्यापार तेव्हापासून अखंड चालू आहे.

६/
खरा रेणू हाती आला १९३५ मध्ये. ॲमस्टरडॅमला एर्न्स्ट लाकर याच्या गटाने सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून १० मिलिग्रॅम स्फटिक मिळवले आणि त्याला 'टेस्टोस्टेरॉन' हे नाव दिले. लाकर हा ऑर्गॅनॉन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होता, आणि त्याचा भागीदार होता कत्तलखान्याचा मालक. कच्चा माल दारातच होता. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी कोलेस्टेरॉलपासून हा रेणू स्वतंत्रपणे बनवून दाखवला. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. नाझी सरकारच्या दबावामुळे बुटेनांटला ते तेव्हा नाकारावे लागले.

७/
रेणू मिळाला, पण औषध मिळाले नाही. तोंडाने दिले तर यकृत मोडते. तेलात कालवून स्नायूत टोचले तर ते भराभर रक्तात उतरते आणि थोड्याच वेळात संपते. रक्तातल्या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे आयुष्य मिनिटांत मोजावे इतके अल्प असते. रोज, तेही अनेकदा, कोण सुई टोचून घेणार? वैद्यकाला आता नवा रेणू नको होता. त्याला वेळ हवा होता.

८/
तो वेळ एस्टरने दिला. आम्ल आणि अल्कोहोल यांचे लग्न लागले, त्यातून पाणी बाहेर पडले, की जे जोडपे उरते ते एस्टर. कोकणातल्या माणसाला हे नाव अनोळखी असेल, वस्तू मात्र नाही. पिकल्या फणसाचा घमघमाट, काजूच्या बोंडांचा वास, केळ्याचा सुगंध यांत लहान एस्टर असतात. खोबरेल तेल म्हणजे तर बव्हंशी ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचे एस्टरच. लहान एस्टर हवेत उडून जातात. मोठे तेलकट होतात आणि जागचे हलत नाहीत. पुढचा सारा इतिहास या एका फरकावर उभा आहे.

९/
टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत सतराव्या कार्बनावर एक हायड्रॉक्सिल गट आहे. तिथे मेदाम्लाची साखळी जोडली की रेणूला जणू शेपटी फुटते. शेपटी जितकी लांब, तितका रेणू तेलाला चिकटून राहतो आणि शरीरातल्या पाणथळ द्रवात उतरायला नाखूश असतो. स्नायूत तेलाचा एक साठा तयार होतो आणि त्यातून औषध झिरपत राहते. रक्तात पोहोचताच विकरे शेपटी कापून टाकतात आणि मूळचे टेस्टोस्टेरॉन मोकळे होते. शेपटी असेपर्यंत तो रेणू संप्रेरक म्हणून जवळजवळ निष्क्रिय असतो. विलंब होतो तो प्रामुख्याने तेल सोडण्यात. कापण्याचे काम चटकन उरकते.

१०/
१९३६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या रसायनज्ञांनी निरनिराळ्या लांबीची आम्ले जोडून परिणाम तपासले. तीन कार्बनांचे प्रोपिओनेट बाजारात आले. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन सुया लागत. १९५० च्या दशकात बर्लिनच्या शेरिंगने सात कार्बनांचे एनॅन्थेट आणि अमेरिकेच्या अपजॉनने सिपिओनेट आणले. अंतर दोन-तीन आठवड्यांवर गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी एरंडेल तेलातले अकरा कार्बनांचे अंडेकॅनोएट आले. सुरुवातीच्या मात्रांनंतर त्याची एक सुई १० ते १४ आठवडे पुरते.

११/
आता वजनाचा हिशेब. टेस्टोस्टेरॉनचा रेणुभार २८८.४. शेपटी जोडली की भार वाढतो आणि दर मिलिग्रॅममागे संप्रेरकाचा वाटा घटतो. दर १०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन असे :
प्रोपिओनेट : सुमारे ८४
एनॅन्थेट : ७२
सिपिओनेट : ७०
डेकॅनोएट : ६५
अंडेकॅनोएट : ६३
म्हणून १००० मिलिग्रॅम अंडेकॅनोएटच्या कुपीत संप्रेरक सुमारे ६३२ मिलिग्रॅमच असते. बाकी सारे शेपटीचे वजन.

१२/
ऑर्गॅनॉनच्या सस्टेनॉन २५० मध्ये चार शेपट्या एकत्र केल्या आहेत : प्रोपिओनेट ३०, फेनिलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६० आणि डेकॅनोएट १०० मिलिग्रॅम. बेरीज २५०, संप्रेरक १७६. कल्पना अशी की आखूड शेपटी आधी औषध सोडेल, लांब नंतर, आणि पातळी समतोल राहील. प्रत्यक्षात सगळ्यांच्या धारा सुरुवातीला एकमेकींत मिसळतात. पहिल्या एक-दोन दिवसांत उंच शिखर येते आणि तीन आठवड्यांत पातळी तळाशी जाते. 'चार एस्टर म्हणजे चौपट ताकद' ही समजूत निव्वळ जाहिरातीची आहे.

१३/
इथे पहिला गैरसमज गळून पडतो. कोणताही एस्टर दुसऱ्यापेक्षा 'कडक' नसतो. शेपटी गळाल्यावर उरणारा रेणू सर्वत्र एकच. बदलते ते प्रमाण आणि वेळापत्रक. निरोगी तरुणाचे शरीर दिवसाला साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते. 'आठवड्याला पाचशे' एनॅन्थेट म्हणजे ३६० मिलिग्रॅम संप्रेरक, दिवसाला सुमारे ५१. निसर्गाच्या सातपटीहून अधिक. कुपीवरचा आकडा हे सांगत नाही. तो शेपटीसकट मोजतो.

१४/
या शेपट्यांचे मूळही पाहावे. एरंडेल तेलापासून मिळणारा पदार्थ तीव्र उष्णतेने फोडला की दोन तुकडे मिळतात, एक सात कार्बनांचा आणि एक अकरा कार्बनांचा. पहिल्यापासून एनॅन्थिक आम्ल तयार होते, दुसऱ्यापासून अंडेकॅनोइक. डेकॅनोएटचे दहा कार्बनी आम्ल खोबरेल तेलातही थोड्या प्रमाणात असते. औषध ज्या तेलात विरघळवतात तेही ओळखीचेच : तीळ, सरकी, शेंगदाणा, एरंड. सुश्रुताच्या पाकातले तीळ आणि आधुनिक कुपीतले तिळाचे तेल यांचा सांधा जुळवण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरला पाहिजे. तिथे तीळ अन्न होते, इथे ते केवळ वाहन आहे. साम्य दिसणे आणि वारसा असणे यांतला भेद ओळखणे ही इतिहासाच्या अभ्यासकाची पहिली शिस्त.

१५/
आता बाहेरून येणाऱ्या विपुल टेस्टोस्टेरॉनचे दुसरे टोक. मेंदूतल्या ग्रंथींना रक्तातली पातळी भरपूर दिसली की त्या वृषणांना आदेश देणे थांबवतात. वृषण आक्रसतात, शुक्राणू घटतात. हा दुष्परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने त्याचीच गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७ देशांतील २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनॅन्थेट देण्यात आले. १५७ जण शुक्राणुशून्य झाले आणि पुढच्या वर्षभराच्या टप्प्यात गेले. त्या टप्प्यात गर्भधारणा झाली फक्त एक.

१६/
हा आकडा जिमच्या आरशासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. पौरुष वाढवण्यासाठी जी मात्रा घेतली जाते, तिच्या निम्म्याहूनही कमी मात्रेत जगभरच्या संशोधकांनी पुरुषांची जननक्षमता थांबवून दाखवली. त्या अभ्यासातल्या पुरुषांवर डॉक्टरांची देखरेख होती, आणि औषध थांबवल्यावर शुक्राणू परत येतात का हेही तपासले गेले. देखरेखीविना, मोठ्या मात्रेत, अनेक औषधे मिसळून चालणाऱ्या 'कोर्स'ला तशी कोणतीही हमी नाही. आणि शेपटी लांब असेल तर पश्चात्ताप झाल्यावरही औषध आठवडे न्‌ आठवडे झिरपत राहते. स्नायूत गेलेले तेल परत काढता येत नाही.

१७/
परत न घेता येणे, हाच या रसायनाचा राजकीय गुण आहे. पूर्व जर्मनीने तो ओळखला. १९७४ पासून 'राज्य योजना विषय १४.२५' या नावाखाली खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, संप्रेरके देण्यात आली. अनेकींना त्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या म्हणून दिल्या गेल्या. स्पर्धेआधी तोंडी गोळ्या बंद करायच्या आणि मधली दरी टेस्टोस्टेरॉनच्या एस्टरांनी भरायची, असे वेळापत्रक होते. १९८० च्या दशकात टेस्टोस्टेरॉन व एपिटेस्टोस्टेरॉन यांचे गुणोत्तर तपासले जाऊ लागले, तेव्हा गुणोत्तर जुळवण्यासाठी एपिटेस्टोस्टेरॉनचाही एस्टर टोचला गेला.

१८/
या कथेला एक न्याय्य वळणही आहे. मानवी शरीर टेस्टोस्टेरॉन बनवते, पण टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट किंवा डेकॅनोएट कधीच बनवत नाही. त्यामुळे रक्तात शेपटीसकट रेणू सापडला, तर तो बाहेरूनच आला हे निर्विवाद ठरते. आजच्या उत्तेजकविरोधी प्रयोगशाळा हेच शोधतात. ज्या शेपटीने लपायला वेळ दिला, तीच साक्षीदार झाली.

१९/
भारतात हा प्रश्न स्त्रियांच्या शरीरावर आला. शेरिंगने एनॅन्थेटची तीच सात कार्बनांची शेपटी नॉरएथिस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाला जोडली होती. औषधाचे नाव नेट-एन : २०० मिलिग्रॅमची सुई, दोन महिने गर्भनिरोधन. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच्या चाचण्या घेतल्या. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन देण्याचे शिबिर झाले, तेव्हा स्त्री शक्ती संघटनेने विचारले : या बायकांना आपल्यावर प्रयोग होतो आहे हे ठाऊक आहे का?

२०/
१९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली, चिंगारी आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मुंबईतल्या स्त्री-संघटनाही या मोहिमेत उतरल्या. त्यांचा युक्तिवाद रसायनाच्या स्वभावाशी थेट जोडलेला होता. गोळी नकोशी झाली तर बाई ती उद्यापासून थांबवू शकते. सुई एकदा दिली की दोन महिने निर्णय तिच्या हातात उरत नाही. रक्तस्राव वाढला, चक्कर आली, तरी औषध आपल्या गतीनेच संपणार. प्रकरण २००० मध्ये निकाली निघाले, आणि सरकारी कुटुंबनियोजनात नेट-एनचा सरसकट वापर होणार नाही अशी भूमिका सरकारला घ्यावी लागली.

२१/
पुढचा अध्याय बोलका आहे. एकविसाव्या शतकात पुरुषांसाठी १००० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन अंडेकॅनोएट आणि तेच २०० मिलिग्रॅम नेट-एन, अशा संयुक्त सुईची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. भारतही सहभागी होता. ३२० पुरुषांमध्ये परिणाम उत्तम दिसत होता. पण नैराश्य, मनःस्थितीतले चढउतार, सुईच्या जागी वेदना अशा तक्रारी आल्या आणि बाह्य सुरक्षा समितीच्या शिफारशीवरून २०११ मध्ये नवी इंजेक्शने थांबवण्यात आली. तो निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण स्त्रियांच्या तक्रारींना तीच तत्परता मिळण्यासाठी न्यायालयात चौदा वर्षे का लागली, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे.

२२/
यावर एक आक्षेप अपेक्षित आहे : मग लांब शेपटीची औषधे वाईटच का? मुळीच नाहीत. ज्यांचे वृषण आजाराने किंवा जन्मतःच पुरेसे संप्रेरक बनवत नाहीत, त्यांना वर्षाला पन्नास सुयांऐवजी चार-पाच पुरणे हे वरदान आहे. ट्रान्स पुरुषांसाठी हेच औषध स्वतःच्या ओळखीनिशी जगण्याचा आधार आहे. दोन-दोन तास प्रवास करून इस्पितळ गाठणाऱ्या कोणालाही त्या अंतराची किंमत कळेल. एनॅन्थेटची शेपटी तीच. पाटणचेरूत तिने निर्णय हिरावला, आणि समजून-उमजून घेणाऱ्याला ती मोकळीक देते. फरक माहितीचा आणि संमतीचा आहे.

२३/
म्हणून मत असे. पहिले : प्रत्येक कुपीवर एस्टरच्या वजनासोबत शुद्ध टेस्टोस्टेरॉनचे वजन आणि औषध शरीरात किती काळ टिकते ते मराठीत, ठळक छापावे. दुसरे : ही औषधे अनुसूची 'एच' मध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तो नियम कागदावरून दुकानाच्या काउंटरवर यावा. तिसरे : गर्भनिरोधक असो वा अन्य, दीर्घकाळ टिकणारी सुई देण्याआधी 'हे परत काढता येत नाही' हे एक वाक्य उच्चारणे सक्तीचे असावे.

२४/
मराठीला ही मागणी नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले ते शरीराविषयीची माहिती सामान्य वाचकाला त्याच्या भाषेत, न लाजता आणि न फसवता मिळावी म्हणून. अश्लीलतेचे खटले सोसत १९५३ पर्यंत ते मासिक चालले. त्यानंतर सात दशके उलटली, तरी मराठी तरुणाला संप्रेरकांची माहिती जिममधल्या कुजबुजीतूनच मिळत असेल, तर ते कर्व्यांचे अपयश नव्हे, त्यांच्या वारसदारांचे आहे.

२५/
इतिहासप्रेमी तरुण शिलालेखातले एक अक्षर, सनदेवरची एक तारीख तासन्‌तास तपासतात. तीच चिकित्सा औषधाच्या कुपीला लावावी. तिच्यावर संप्रेरकाचे नाव मोठे असते आणि एस्टरचे बारीक. शरीरात खरोखर किती औषध जाणार, आणि ते बाहेर पडेपर्यंत किती दिवस थांबावे लागणार, ही दोन्ही उत्तरे त्या बारीक अक्षरांत आहेत. आधी ती वाचावीत.

(धागा समाप्त)